खाच

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
चोवीसशे रुपयांना घेतला राऊटर,
हिरव्या प्लास्टिकचा, आंब्याएवढ्या दोन मुठी.
कंपनीचं नाव दुकानदारालाही धड उच्चारता येईना.
वॉरंटी विचारली तर म्हणाला,
"आहे की. तुम्ही फेरीबोटीत चढेपर्यंत."

फेरीबोटीचं मला कोण सांगणार!
दिवाडीच्या धक्क्यावर एकतीस वर्षं
सुकाणू धरून उभा होतो मी.

झालं असं, की शेजारच्या बेर्नादेतबायनं
ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली
आणि जुन्या खिडकीतले शिंपले
बिस्किटांच्या डब्यात भरून
माझ्या पायरीवर ठेवून गेली.
"टाकायला हात होईना रे. तू बघ काय तें."
मोजले. बासष्ट.
उजेडाकडे धरला एक :
पलीकडचं बोट दिसलं नाही,
बोटाचं असणं तेवढं दिसलं.

शिंपले बसतात एकावर एक जरा चढून,
माशाच्या खवल्यांसारखे.
त्यांना लागते लाकडात खाच,
तीन मिलिमीटर रुंद, चार खोल,
पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

पहिल्या दिवशी बिट तुटलं.
दुसऱ्या दिवशी खोलीचा स्क्रू थरथरून सैल होत गेला
आणि खाच उतरत गेली
ओहोटीच्या पाण्यासारखी, मला न सांगता.
सायकलच्या ट्यूबची चकती कापून घातली स्क्रूखाली.
तिसऱ्या दिवशी फणसाचं लाकूड जळालं,
घरभर गोडसर वास,
कुंदा आतून म्हणाली,
"हुमणात भुसो पडला. आतां तूंच खा."
खाल्लं. काय करणार!

चार वाजेपर्यंत सुरू करायचा नाही,
असा वाड्यावरचा ठराव.
दुपारच्या झोपेपुढे यंत्राचं काय चालतं?

मग कळलं, की पातं ओढतं एकीकडे,
आपण न्यायचं त्याच्या उलट.
त्याच्या मर्जीनं गेलो, तर यंत्र हातातून पळतं,
पट्टीवर नागमोडी ओरखडा सोडून.
हे तरी मला ठाऊक असायला हवं होतं.
भरतीच्या वेळी बोटीचं नाक
धारेत थोडं घालावंच लागतं,
तेव्हा कुठे समोरचा धक्का समोर येतो.
एका दमात चार मिलिमीटर नाही.
एक. मग एक. मग एक.
मोटर किंचाळत होती, मनगटं बधिर,
भुवयांवर पिवळी धूळ,
आणि मी, सत्तरीला टेकलेला,
श्वास धरून.

चौकट जुळली तेव्हा शाबी च्यारीला बोलावलं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
चष्मा खिशातच ठेवला त्यानं.
अंगठ्याचं नख घातलं खाचेत
आणि चालवलं हळूहळू,
पहिली पट्टी, दुसरी, तिसरी.
पाचव्या पट्टीत नख थांबलं.
"हांगा पोदेर आयिल्लो काय?"

आला होता.
साडेचारला सायकलचा भोंपू वाजला
आणि मी मान वर केली होती,
पाव घ्यायचे होते चार, एवढंच.
हात चालतच होता.
केसाएवढी फाकली होती खाच
तेवढ्याच जागी.

शाबी आणखी काही बोलला नाही.
चहा पिऊन, भुशाची चिमूट नाकाशी नेऊन,
"फणस बरा मिळाला," म्हणून गेला.

साठ शिंपले बसले. एक फुटला माझ्या हातून.
बासष्टावा पोदेराच्या जागी सरकवला,
तो सैल आहे.
शेवटची बोट धक्क्याला लागते, इंजिन मागे घेते,
तेव्हा खिडकीत तो एकटाच थरथरतो,
बारीक, दात वाजल्यासारखा.

कुंदाला सांगितलं, राहू दे, मुद्दाम ठेवलाय.
खरं म्हणजे तीनदा मेण भरून पाहिलं.
जमलं नाही.